पाच स्वर पाठ झाले, ट्रॅकही लावला. मग सोलो का जमत नाही?

गिटारवर चारसहा कॉर्ड बसल्या आणि दोनतीन गाण्यांना साथ करता येऊ लागली, की शिकणाऱ्याला सोलोचे, म्हणजे साथीवर एकट्याने मनाने रचून वाजवण्याचे, वेध लागतात. यूट्यूबवर शोध घेतला तर दोन गोष्टी लगेच हाती लागतात: पाच स्वरांच्या एका स्केलची आकृती आणि ‘ब्लूज बॅकिंग ट्रॅक इन ए’ अशा नावाचे दहाएक मिनिटांचे ध्वनिमुद्रण. आकृती पाठ करावी, ट्रॅक लावावा आणि त्या पाच स्वरांत मनाला येईल ते वाजवावे, काहीही चुकणार नाही, असे आश्वासनही सोबत मिळते. हे आश्वासन खोटे नाही. खरोखरच काही चुकत नाही. मात्र कित्येक महिन्यांनंतरही जे वाजते ते संगीत न वाटता सकाळी घोकलेल्या पलट्यांसारखे वाटते, आणि याच टप्प्यावर अनेक जण ‘हे आपल्या रक्तात नाही’ असा निष्कर्ष काढून गिटार भिंतीला टांगतात.

तो निष्कर्ष घाईचा आहे. स्केल कोणते स्वर खटकणार नाहीत एवढेच सांगते. कोणता स्वर कधी वाजवावा आणि कोणत्या स्वरावर थांबावे याविषयी ती एक अक्षरही बोलत नाही. ती माहिती ट्रॅकमध्ये असते. शिकणारा ट्रॅक लावतो खरा, पण त्याचे सारे लक्ष बोटांकडे असते आणि ट्रॅक मागे पंख्याच्या घरघरीसारखा चालू राहतो. सोलो न जमण्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी ब्लूज हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून तो जन्माला आला, पुढे शिकागोसारख्या शहरांत विजेच्या गिटारवर चढला, आणि रॉक व जाझ या दोन्हींच्या मुळाशी जाऊन बसला. मुंबईतही २०११ साली मेहबूब स्टुडिओमध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाल्यापासून या संगीताचा श्रोतृवर्ग वाढला आहे. त्याचा साचा लहान, ठरलेला आणि कानाला चटकन उमगणारा असल्यामुळे सोलोचे सगळे गणित त्यात उघडे पडते.

पाच स्वर म्हणजे कोणते

स्केल म्हणजे एका सप्तकातून निवडलेल्या स्वरांचा चढता संच. ब्लूज शिकताना पहिल्यांदा दिली जाते ती मायनर पेंटाटोनिक स्केल. ‘ए’ हा स्वर षड्ज मानला तर तिचे पाच स्वर ए, सी, डी, ई आणि जी, म्हणजे आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी असे होतात. ज्यांनी राग धानी ऐकला आहे त्यांना हे स्वर परके वाटणार नाहीत.

गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेल्या घरांना फ्रेट म्हणतात. पाचव्या फ्रेटवर पहिले बोट ठेवले, की पाचव्या ते आठव्या फ्रेटच्या पट्ट्यात हे सर्व स्वर दोन सप्तकांहून थोडे अधिक पसरलेले सापडतात. या पट्ट्याला शिकणारे ‘पहिला बॉक्स’ म्हणतात. असे पाच बॉक्स असतात आणि ते पाचही एका दमात पाठ करवून घेणारे व्हिडिओ उदंड आहेत. माझ्या मते सुरुवातीला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. बोलायला शब्द नसताना पाच खोल्यांच्या किल्ल्या घेऊन काही साधत नाही, आणि नावाजलेल्या कित्येक वादकांचे सोलो बहुतांशी एखाददुसऱ्या बॉक्समध्येच सामावलेले असतात.

या स्केलमध्ये एकमेकांना अगदी लागून असलेले स्वर नाहीत. कोणत्याही दोन शेजारी स्वरांत निदान पूर्ण स्वराचे अंतर आहे. ‘काही चुकत नाही’ असे जे वाटते त्यामागे हे मोठे कारण आहे. पण यातच अडचणही दडलेली आहे, कारण काहीच चुकत नसेल तर कशामुळे बरोबर येते हेही कानाला कळत नाही.

ट्रॅकमध्ये नेमके काय चाललेले असते

बॅकिंग ट्रॅक म्हणजे मुख्य वाद्य वगळून केलेले साथीचे ध्वनिमुद्रण. ब्लूजच्या ट्रॅकमध्ये बहुधा ड्रम, बेस आणि एक रिदम गिटार (कॉर्ड वाजवून साथ करणारी) किंवा ऑर्गन असते. हे सारे बारा बारांच्या एका साच्यात फिरते. बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड. असे बारा खंड झाले की अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन पूर्ण होते आणि साचा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एका आवर्तनाला ३६ सेकंद लागतात.

या आवर्तनात तीनच कॉर्ड येतात. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. पहिले चार बार ए-सेव्हन, पुढचे दोन डी-सेव्हन, मग दोन पुन्हा ए-सेव्हन. नवव्या बारला ई-सेव्हन, दहाव्याला डी-सेव्हन, अकराव्याला ए-सेव्हन आणि बाराव्याला पुढच्या आवर्तनाकडे ढकलणारी ई-सेव्हन. काही ट्रॅकमध्ये दुसऱ्याच बारला क्षणभर डी-सेव्हन डोकावते, म्हणून वाजवण्याआधी एक आवर्तन नुसते ऐकणे बरे.

नुसते ऐकणे हा सरावाचा पहिला आणि सर्वाधिक टाळला जाणारा भाग आहे. गिटार बाजूला ठेवून, बोटांवर बार मोजत, पाचव्या आणि नवव्या बारला कॉर्ड बदलल्याचे जाणवते का हे पाहावे. मोजणे सोडूनही ते जाणवू लागेपर्यंत तारेला हात लावण्याची घाई करू नये. तबलजी लेहऱ्यावर, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणाऱ्या एकाच धुनेवर, एकल वादनाचा रियाज करतो तेव्हा लेहरा कानात इतका मुरलेला असतो, की हात कितीही गुंतागुंतीचे काही वाजवत असले तरी सम कुठे आहे याचा त्याला विसर पडत नाही. गिटारवादकाला बारा बारांचे आवर्तन असेच अंगात मुरवायचे असते.

तोच स्वर, तीन कॉर्ड

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तीनही कॉर्डचे घटक सरगममध्ये मांडले तर चित्र लख्ख दिसते. ए-सेव्हनमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी आहेत. डी-सेव्हनमध्ये म, शुद्ध ध, सा आणि कोमल ग आहेत. ई-सेव्हनमध्ये प, शुद्ध नी, रे आणि म आहेत. आपल्या पाच स्वरांपैकी कोणता स्वर कोणत्या कॉर्डचा घटक आहे, हे या यादीवरून सहज तपासता येते.

कोमल ग, म्हणजे सी, हा स्वर उदाहरणादाखल घेऊ. ए-सेव्हन वाजत असताना साथीत शुद्ध ग आहे आणि तुम्ही त्याला खेटून असलेला कोमल ग वाजवत आहात; म्हणजे दोघांत घर्षण होते. हे घर्षण ब्लूजचा प्राण आहे. गिटारवादक इथे तार किंचित वर ढकलतात आणि स्वर कोमल व शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी तरंगत ठेवतात. पेटीवर हे शक्य नाही. मींडेचे काम करणाऱ्या सतारीला किंवा गळ्याला ते सहज जमते. पाचव्या बारला डी-सेव्हन आली, की तोच कोमल ग त्या कॉर्डचा स्वतःचा घटक बनतो आणि क्षणात शांत होतो. नवव्या बारला ई-सेव्हनवर मात्र त्याला जागाच उरत नाही, आणि तो अर्ध्या स्वराने खाली, रेकडे उतरण्यासाठी तळमळू लागतो.

माणूस तोच असतो, पण सासरी तो जावईबापू असतो, कचेरीत साहेब आणि आईपुढे बाळ्या. तो कुठल्या घरात उभा आहे हे पाहिल्याशिवाय त्याच्या वागण्याचा अर्थ लागत नाही. स्वराचेही असेच आहे. शिकणारा जेव्हा ‘ही स्केल सगळ्या ट्रॅकवर चालते’ असे ऐकतो, तेव्हा त्याला तिन्ही घरांत एकच चेहरा घेऊन वावरण्याची परवानगी मिळाल्यासारखे वाटते.

यावर एक साधा पण परिणामकारक सराव आहे. त्यासाठी गिटारची फक्त तिसरी तार आणि तिच्यावरचे पाचवा, सहावा व सातवा असे तीन फ्रेट पुरतात. पाचव्या फ्रेटवर कोमल ग आहे, सहाव्यावर शुद्ध ग आणि सातव्यावर म. ट्रॅक लावून प्रत्येक बारला एकच लांब स्वर वाजवायचा. पहिले चार बार सहावा फ्रेट; पाचव्या आणि सहाव्या बारला पाचवा फ्रेट; सातव्या आणि आठव्याला पुन्हा सहावा; नवव्याला सातवा, दहाव्याला पाचवा, अकराव्याला सहावा आणि बाराव्याला सातवा. प्रत्येक वेळी तुम्ही त्या क्षणी वाजत असलेल्या कॉर्डचा एक नेमका घटक उचललेला असतो. वाजवण्यासारखे त्यात काहीच नाही, असे बोटांना वाटेल. पण चौथ्या बारातून पाचव्यात जाताना शुद्ध ग घसरून कोमल झाल्यावर जो रंग बदलतो तो एकदा कानाने टिपला, की स्केल नुसती वरखाली चालवणे पुन्हा पूर्वीसारखे सुखाचे वाटत नाही.

शुद्ध ग हा आपल्या पाच स्वरांत मुळात नव्हताच, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. स्केल हा प्रस्थानाचा बिंदू आहे. कॉर्डचे घटक गरजेप्रमाणे बाहेरून आणता येतात आणि आणायलाच हवेत. डी-सेव्हनसाठी शुद्ध ध दुसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर आणि ई-सेव्हनसाठी शुद्ध नी चौथ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर आहे, म्हणजे सगळे त्या पहिल्या बॉक्सच्या आतच. ब्लूज ज्यांनी घडवला ते वादक कोमल आणि शुद्ध गंधारांत सतत ये-जा करतात, अमेरिकी ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या वादनातला गोडवा आणि बोच एकत्र नांदतात त्या याच ये-जा करण्यामुळे.

वाक्य कुठे संपवायचे

ब्लूजचे पारंपरिक कडवे तीन ओळींचे असते. पहिली ओळ गायली जाते, दुसरी तीच पुन्हा येते आणि तिसरी त्यांना उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणे त्यातले सुमारे दोनच बार व्यापते. उरलेल्या जागेत वाद्य गायकाला प्रतिसाद देते. बी. बी. किंग तर गाताना गिटार वाजवतच नसत. आवाज थांबला की गिटार बोलू लागे आणि गिटार थांबली की आवाज.

सोलोला हाच सांगाडा जसाच्या तसा वापरता येतो. दोन बार वाजवावे आणि दोन बार हात तारेवरून खरोखर उचलावा. मग तेच वाक्य, हवे तर शेवटचा एखादा स्वर बदलून, पुन्हा म्हणावे. पाचव्या बारला कॉर्ड बदललेली असल्याने तेच स्वर वेगळे वाटतील आणि निम्मे काम ट्रॅकच करून टाकेल. नवव्या बारपासून उत्तर द्यावे आणि अकराव्या बारला ‘सा’ किंवा ‘प’ या स्वरावर येऊन थांबावे.

गप्प राहण्याचे ते दोन बार नवशिक्याला फार जड जातात. शांतता म्हणजे सुचत नसल्याची कबुली, असे त्याला वाटते आणि तो ती भरून काढतो. श्रोत्याला मात्र वाक्य संपल्याचे कळल्याशिवाय ते वाक्य होते हेच कळत नाही. फुंकून वाजवण्याच्या वाद्यांना श्वास घ्यावाच लागतो, म्हणून सॅक्सोफोनवादकाची वाक्ये आपोआप तुटतात. गिटारला दम लागत नाही, ही या कामापुरती तिची उणीवच आहे. वाक्य आधी तोंडाने गुणगुणावे आणि मगच वाजवावे, हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. जे एका श्वासात म्हणता येत नाही ते बहुधा लांबलेले असते.

याच्या जोडीला स्वरांवर मर्यादा घालून पाहावी. अख्खा ट्रॅक सा, कोमल ग आणि म या तीनच स्वरांत वाजवायचा असे ठरवले, की दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच कंटाळा येतो आणि मग नाइलाजाने लयीकडे लक्ष वळते: स्वर मात्रेवर घ्यायचा की मात्रेनंतर, लांबवायचा की तोडायचा, जोरात की हळू. शास्त्रीय मैफलीत मुखडा समेआधी उचलून समेवर आणून सोडला जातो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ब्लूजमध्येही वाक्य बारच्या थोडे आधी सुरू करून पहिल्या, पाचव्या किंवा नवव्या बारच्या तोंडावर उतरवण्याची गंमत लवकर समजते. प्रत्येक वाक्य पहिल्या मात्रेवरच सुरू करणे हे नवखेपणाचे ठळक लक्षण आहे.

हे ट्रॅक आले कुठून

साथीचे ध्वनिमुद्रण विकत घेऊन घरी वाजवण्याची कल्पना यूट्यूबपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत अर्व्ह क्रॅट्का यांनी १९५० मध्ये ‘म्युझिक मायनस वन’ ही कंपनी काढली. तिच्या तबकड्यांत एका वाद्याची जागा रिकामी ठेवलेली असे. इंडियानातील सॅक्सोफोनवादक आणि शिक्षक जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ मध्ये जाझसाठी अशा मालिकेचा पहिला खंड काढला आणि ती मालिका पुढे १३३ खंडांपर्यंत गेली. तिच्यात बेस एका बाजूच्या आणि पियानो दुसऱ्या बाजूच्या ध्वनिवाहिनीवर असे. स्टिरिओची एक बाजू बंद केली की बेसवादक किंवा पियानोवादकही तीच तबकडी आपल्या सरावाला घेऊ शके. संगणकाला कॉर्ड सांगून साथ तयार करून घेण्याची सोय १९९० मध्ये ‘बँड-इन-अ-बॉक्स’ या प्रणालीने आणली. आजची मोबाइल ॲप्स याच वळणाची आहेत आणि त्यांचा यूट्यूबपेक्षा एक मोठा फायदा आहे: लय हवी तेवढी कमी करता येते आणि नकोसे वाद्य गप्प करता येते.

“आपल्याकडे राग आहेतच, मग हे वेगळे काय?”

हा आक्षेप रास्त आहे. उपज अंगाने गाणे-वाजवणे आपल्या संगीताचा कणा आहे आणि बंदिश, आवर्तन, पलटे, तान यांची ज्याला ओळख आहे तो विद्यार्थी निम्मी वाट चालून आलेला असतो. शिवाय राग म्हणजे नुसती स्केल नव्हे, हे आपल्याकडे पहिल्या वर्षीच शिकवले जाते. भूपाचे सा, रे, ग, प, ध हे स्वर देसकारातही आहेत, तरी वादी स्वर, चलन आणि ठहरावाच्या जागा यांनी दोन्ही राग वेगळे होतात. हेच शहाणपण गिटारवर आणले, तर वरच्या परिच्छेदांतला बराच भाग सांगण्याचीही गरज पडत नाही.

फरक जमिनीचा आहे. रागात तानपुरा एकच षड्ज धरून बसतो आणि प्रत्येक स्वराचे नाते त्या एका षड्जाशी जोडलेले राहते. ब्लूजमध्ये जमीन चार-दोन बारांनी सरकते, म्हणून ज्या स्वरावर आत्ता विसावलो तोच पुढच्या बारला टोचू लागतो. रागसंगीत शिकलेले विद्यार्थी गिटारवर सुंदर वाक्ये रचतात आणि पाचव्या बारला अडखळतात असे होऊ शकते. त्यांचा कान सा सोडायला तयार नसतो. त्यांच्यासाठी तिसऱ्या तारेवरचा तो तीन फ्रेटांचा सराव सर्वाधिक उपयोगाचा ठरावा. बाकी, गिटारवरच्या सोलोला धानी म्हणावे असे मात्र मी सुचवणार नाही. रागात वर्ज्य असलेला शुद्ध गंधार इथे दर आवर्तनाला हवा असतो.

“थोर वादकांना कुठे थिअरी येत होती?”

वेस माँटगोमेरी यांचे उदाहरण हमखास दिले जाते. इंडियानापोलिसचे हे जाझ गिटारवादक स्वरलेखन वाचत नसत. खरे आहे, पण गोष्टीचा उरलेला अर्धा भागही सांगायला हवा. त्यांनी जाझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांचे सोलो ध्वनिमुद्रिकांवरून एकेक स्वर उचलून जसेच्या तसे बसवले होते, आणि वादक म्हणून सुरुवातीचे काम त्यांना ते सोलो वाजवण्यासाठीच मिळाले. जाझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्याबद्दलही असेच आहे. १९३६ साली कॅन्सस सिटीतील एका जॅममध्ये, म्हणजे वादकांनी जमून केलेल्या उत्स्फूर्त वादनात, वयाची सोळा वर्षेही पुरी झालेली नसताना, ते वाजवता वाजवता भरकटले आणि ड्रमवादक जो जोन्स यांनी त्यांच्या पायाशी झांज भिरकावली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचे सोलो ध्वनिमुद्रिकांवरून घोटून काढले, ही तिच्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट क्वचित सांगितली जाते. या मंडळींना कागदावरची थिअरी येत नसेल, पण कोणत्या कॉर्डवर कोणता स्वर काय करतो हे त्यांच्या कानाला कोणत्याही पदवीधरापेक्षा अधिक ठाऊक होते.

उलट उदाहरण गोवेकरांचे आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. त्यामुळे मुंबईतील हॉटेलांच्या जाझ बँडांना आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना अस्खलित वाचणारे वादक गोव्याने पुरवले. कागदावरचे वाजवणे आणि सोलो रचणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे त्यांना कानानेच मिळवावे लागले. ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाई, यावरून त्यांचा कान कुठे लागलेला होता ते कळते.

मग दुसऱ्याचे सोलो पाठ करणे ही नक्कल झाली का? तालमीला बसलेला शिष्य गुरूची तान शंभरदा म्हणतो तेव्हा त्याला आपण नक्कल म्हणत नाही. चार बारांचा एकच तुकडा निवडावा, तो आधी गाता येईपर्यंत ऐकावा, मग वाजवावा आणि तो कोणत्या बारला, कोणत्या कॉर्डवर संपतो ते पाहावे. अख्खा सोलो टॅब (तार आणि फ्रेट आकड्यांनी दाखवणारे गिटारलेखन) पाहून वाजवण्यापेक्षा कानाने उचललेला असा एक तुकडा अधिक शिकवतो, कारण टॅब फ्रेटचा आकडा देतो, कान मात्र त्या स्वराचे साथीशी असलेले नाते टिपतो.

“पण सुचणे ही उपजतच गोष्ट असते ना?”

चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांनी सहा व्यावसायिक जाझ पियानोवादकांना मेंदूची क्रिया टिपणाऱ्या एमआरआय यंत्रात झोपवून एक छोटा कीबोर्ड वाजवायला लावला. प्रयोगाच्या एका भागात त्यांनी आधी नुसती सी मेजर स्केल वरखाली वाजवली, मग त्याच स्केलच्या स्वरांत, त्याच लयीत, मनाने रचून वाजवले. दुसऱ्या भागात पाठ केलेली रचना आणि तिच्या कॉर्डवर रचलेला सोलो, दोन्ही आधी मुद्रित केलेल्या साथीबरोबर वाजवले; म्हणजे स्केल आणि बॅकिंग ट्रॅक ही आपली दोन्ही साधने तिथे हजर होती.

दोन्ही भागांत चित्र सारखेच आले. मनाने रचताना मेंदूच्या पुढच्या भागातील, स्वतःवर पहारा ठेवणारे आणि जाणीवपूर्वक नियंत्रण करणारे बाजूचे क्षेत्र मंदावले आणि मधले क्षेत्र अधिक सक्रिय झाले. स्वर तेच, लयही तीच असताना स्केल चालवणे आणि स्केलमध्ये रचणे ही मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळी कामे ठरली.

सहाच वादकांच्या प्रयोगावरून प्रतिभा उपजत असते की कमावलेली याचा निकाल लागत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून सावध राहावे. पण सराव कसा आखावा याची दिशा त्यातून जरूर मिळते. स्केल वरखाली घोकण्याचा तास कितीही वाढवला तरी तो रचण्याचा सराव होत नाही. रोजच्या वेळातली काही मिनिटे तरी, कितीही ओबडधोबड असो, रचण्यासाठीच राखून ठेवावी लागतात. आणि पहारा सैल पडायचा असेल तर आवर्तन, कॉर्ड आणि बोटांच्या जागा आधीच अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. ते सहाही जण व्यावसायिक होते.

ट्रॅकला काय जमत नाही

ट्रॅक तुमचे ऐकत नाही. तुम्ही आवाज खाली आणलात तरी ड्रमवादक काठ्या हलक्या करत नाही, आणि तुमची लय घसरली तरी तो तुम्हाला सावरून घेत नाही किंवा थांबवतही नाही. शिवाय चांगला ट्रॅक इतका भरगच्च असतो की त्यावर काहीही वाजवले तरी चांगले भासते. म्हणून अधूनमधून ट्रॅक काढून टाकावा. मेट्रोनोमचा, म्हणजे ठरलेल्या लयीत ठोके देणाऱ्या यंत्राचा, ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येईल असा मानून वाजवावे. उरलेल्या दोन मात्रा स्वतः सांभाळाव्या लागल्या की लय किती पक्की आहे ते कळते. त्यानंतर मेट्रोनोमही बंद करून दोन आवर्तने मोबाइलवर मुद्रित करावीत आणि ब्लूज ओळखीचा असलेल्या कुणाला तरी ऐकवावीत. पाचव्या बारला काही बदलले हे त्या माणसाला साथीशिवाय जाणवले, तर सोलो कॉर्डशी बोलू लागला आहे.

माणसांबरोबर वाजवायची वेळ येते तेव्हा आणखी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. जॅममध्ये साधारण दोन आवर्तने वाजवून जागा सोडणे शिष्टसंमत आहे. दुसऱ्या आवर्तनाच्या दहाव्या बारच्या सुमारास मान वर करून पुढच्या वादकाकडे पाहिले, की त्याला तयारीला दोन बार मिळतात. पहिले आवर्तन कमी स्वरांचे आणि खालच्या पट्टीत ठेवले, तर दुसऱ्यात वर चढायला जागा उरते. आणि मंचावर कुणी ‘ए मायनर’ असे म्हणाले, तर ए आणि डी या दोन कॉर्ड मायनर होतात हे ध्यानात ठेवावे: मग ए मायनरवर तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट बोचू लागतो आणि पाचवा फ्रेट घरचा होतो, तर डी मायनरवर शुद्ध धैवताची जागा कोमल धैवत घेतो, म्हणजे दुसऱ्या तारेवर सातव्याऐवजी सहावा फ्रेट दाबायचा. ई-सेव्हन बहुधा तशीच राहते, आणि तिच्यासाठी चौथ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा शुद्ध निषादही.